दुकान स्वस्त, गिऱ्हाईक महाग

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बेंगळुरूतल्या बसवनगुडीच्या बुल टेंपल रोडवर भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिचं नाव कडलेकाई परिशे. मागडी, रामनगर, कोलार, चिक्कबळ्ळापूर या आसपासच्या भागांतून, शिवाय तमिळनाडू आणि आंध्रातूनही, शेतकरी-व्यापारी पोती घेऊन येतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही कडांना लागतात. बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बांधलेल्या देवळातल्या प्रचंड नंदीला नवीन पिकाच्या शेंगा वाहायच्या, अशी प्रथा. शेतातल्या शेंगा फस्त करणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी शेतकऱ्यांनी हा नवस बोलला, असं सांगतात. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे आख्यायिकेच्या काळाबद्दल फार खोलात न गेलेलं बरं.

आपल्याला रस आहे तो त्या रस्त्यावरच्या विक्रेत्यात. त्याच्याजवळ एक ताडपत्री, एक माप आणि माल असतो. गाळा नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. गिऱ्हाईक मात्र लाखांनी येतं. ते त्याने आणलेलं नसतं, नंदीने आणलेलं असतं. परिशे संपली की तीच ताडपत्री, तोच माल आणि तोच माणूस एखाद्या आडगल्लीत बसवा, दिवसभरात किती शेंगा खपतील ते दिसेल.

कमी पैशांत ऑनलाइन धंदा सुरू करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: वेबसाइटला किती खर्च येईल? या प्रश्नाचं उत्तर फारच सोपं झालंय. वर्डप्रेस २००३ पासून आणि त्याच्यावर दुकान मांडणारं वूकॉमर्स २०११ पासून फुकट मिळतं. डोमेनला वर्षाला हजाराच्या आसपास रुपये लागतात. २०१८ च्या जानेवारीत आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि त्यात मालाची यादी फोटोंसकट लावता येते. यूपीआयवर पैसे घेतले तर २०२० च्या जानेवारीपासून व्यापाऱ्याला त्यावर शुल्क पडत नाही. म्हणजे दुकान जवळजवळ फुकट. फक्त ते दुकान आहे हे कुणाला माहीत नसतं. ते माहीत करून देणं, माल धड पोचवणं आणि त्याच माणसाला परत आणणं, खरा पैसा इथे लागतो. ज्याने आपले मोजके पैसे दुकान सजवण्यात घातले, त्याच्याकडे यासाठी काहीच उरत नाही.

बेंगळुरूचंच उदाहरण घेऊ. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कोरमंगलातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी फ्लिपकार्ट सुरू केलं. भांडवल चार लाख रुपये, दोघांचं मिळून. आडनाव एकच असलं तरी नात्याने ते कुणी नव्हेत. दोघेही आयआयटी दिल्लीचे आणि ॲमेझॉनच्या नोकरीतून बाहेर पडलेले. त्यांनी विकायला पुस्तकंच निवडली यात मोठा व्यवहार होता. पुस्तक फुटत नाही, नासत नाही, त्याला मापाची अडचण नाही, आणि मागणी आल्यावर वितरकाकडून आणून पाठवता येतं. पैसा मालात अडकत नाही. पहिलं पुस्तक विकलं गेलं ते जॉन वुड यांचं ‘लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड’, तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरच्या एका ग्राहकाला. ते पुस्तक हाताशी नव्हतं, म्हणून शहरातली दुकानं पालथी घालून ते मिळवावं लागलं. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी या दोघा संगणक अभियंत्यांनी काय केलं? पुस्तकांच्या दुकानांबाहेर उभं राहून बुकमार्क वाटले. पुस्तकाची पिशवी हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला पुस्तकं लागतात, हे वेगळं शोधायला नको. २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून या कंपनीतला ७७ टक्के वाटा घेतला, ही बातमी सगळ्यांना पाठ असते. छोट्या उद्योजकाच्या कामाची गोष्ट मात्र तो बुकमार्क आहे.

डंझोची कहाणी याहून बोधक, आणि थोडी करुणही. २०१४ च्या सुमारास कबीर बिस्वास यांनी बेंगळुरूत लोकांची किरकोळ कामं व्हॉट्सॲपवर घ्यायला सुरुवात केली. घरी विसरलेली किल्ली आणून दे, औषध आणून दे, अमुक दुकानातून तमुक वस्तू उचल. ॲप नव्हतं, गोदाम नव्हतं. एक फोन, मेसेज आणि धावणारी माणसं. लोकांना हे हवंय, हे कळायला एवढं पुरेसं झालं. पुढे २०१७ च्या डिसेंबरमध्ये गुगलने त्यात पैसे घातले, २०२२ च्या जानेवारीत रिलायन्स रिटेलने २० कोटी डॉलर. पैसा आला तसा खर्चही आला: स्वतःची छोटी गोदामं, दहा-पंधरा मिनिटांत किराणा, मोठमोठ्या जाहिराती. २०२५ च्या जानेवारीत डंझोचं ॲप आणि वेबसाइट दोन्ही बंद पडली. पैशांची टंचाई धंद्याला मारते तसा पैशांचा पूरही मारतो, असा सोयीचा निष्कर्ष मी काढणार नाही. त्या शर्यतीत टिकलेल्यांनीही अफाट पैसा ओतलाच. पण व्हॉट्सॲपवरचा तो पहिला धंदा लोकांना खरोखर हवा होता, एवढं नक्की.

बसवनगुडीहून दक्षिणेला जयनगर ओलांडलं की जे. पी. नगर लागतं. तिथे झेरोधाचं मुख्यालय आहे. नितीन कामत यांनी १५ ऑगस्ट २०१० रोजी ही शेअर दलालीची कंपनी सुरू केली, आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा तिने कधी घेतला नाही. सौदा कितीही मोठा असो, दलाली जास्तीत जास्त २० रुपये, हा तिचा मुख्य मुद्दा. जाहिरातींवर खर्च नाही. त्याऐवजी ‘व्हर्सिटी’ नावाने शेअर बाजाराचे फुकट धडे लिहून काढले. शिकायला आलेला माणूस खातं उघडायला तिथेच थांबला. ओळखीतून ग्राहक आणणाऱ्याला दलालीत वाटा दिला. २०१३ पासून तंत्रज्ञानाची बाजू सांभाळणाऱ्या कैलाश नाध यांनी साधारण तीसेक माणसांची तुकडी ठेवली आणि लिनक्स, पोस्टग्रेस अशा मुक्त सॉफ्टवेअरवर सगळी यंत्रणा उभी केली. परवान्यांच्या फीवर जाणारा पैसा वाचला. उपकाराची फेड म्हणून २०२४ मध्ये कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधीही सुरू केला.

झेरोधाची वेळ चांगली होती, हे विसरू नये. आधारमुळे घरबसल्या खातं उघडता येऊ लागलं, नंतर टाळेबंदीत लाखो लोक बाजाराकडे वळले. आणि २०२३ मध्ये ग्राहकसंख्येत तिला मागे टाकलं ते बेंगळुरूच्याच, गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढलेल्या ग्रोने. काटकसर केली की पहिला नंबर कायम राहतो असं काही नाही.

या मोठ्या नावांनी दडपून जाण्याचं कारण नाही, कारण मराठी माणसाला याहून जुनं उदाहरण ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. म्हणजे पुढच्या ‘लिज्जत पापडा’चं गिऱ्हाईक पापड लाटण्याआधीच ठरलेलं होतं. ते ८० रुपये देणारे छगनलाल पारेख गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. बसवनगुडीतही घरगुती पापड-सांडग्यांचा वारसा आहे. गांधी बाजारातल्या सुब्बम्मा स्टोअर्समध्ये आजही त्यांच्यासाठी गर्दी होते.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. समजा बसवनगुडीत राहणाऱ्या एका मराठी गृहिणीला मेतकूट विकायचंय. २५० ग्रॅमचं पाकीट, किंमत २०० रुपये, गिऱ्हाईक पुण्याचं. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, वाचकांनी त्यांच्या जागी आपले घालावेत. डाळी, मसाले, भाजणं, दळण मिळून ५५ रुपये. पाकीट, लेबल, खोका २०. पोस्ट किंवा कुरिअर ७५. पैसे पेमेंट गेटवेतून आले तर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेपाच रुपये. उरले ४५. कर आणि स्वतःची मजुरी यात धरलेली नाही.

दोन पाकिटं एकाच खोक्यातून गेली तर? ४०० रुपयांतून माल ११०, खोका वगैरे ३०, टपाल समजा ९५, गेटवेचे साडेनऊ. उरतात १५५. पाकिटं दुप्पट, शिल्लक जवळजवळ साडेतीनपट. म्हणून कमी भांडवलाच्या धंद्यात पहिला निर्णय रंगसंगतीचा किंवा लोगोचा नसतो. कमीत कमी ऑर्डर किती रुपयांची घ्यायची, हा असतो. मेतकुटाबरोबर भाजणी आणि गोडा मसाला ठेवायचा तो याच कारणाने. हौसेखातर पंचवीस पदार्थ ठेवले की प्रत्येकाचं लेबल, प्रत्येकाची मुदत आणि प्रत्येकाचं उरलेलं पीठ सांभाळावं लागतं. तीन-चार पुरेत.

आता जाहिरात. समजा जाहिरातीवरच्या एका क्लिकला ५ रुपये पडतात आणि आलेल्या शंभरांतले दोघे खरेदी करतात. एक गिऱ्हाईक पडलं २५० रुपयांना, आणि पाकीट आहे २०० चं. अशी जाहिरात करायचीच नाही असं नाही. ते गिऱ्हाईक दर वेळी दोन पाकिटं घ्यायला वर्षात चारदा परत येणार असेल तर ती परवडते. पण पहिल्या महिन्यात ते कुणाला सांगता येतं? म्हणून सुरुवातीला पैसे मोजून अनोळखी माणूस आणण्यापेक्षा ओळखीचा माणूस शोधावा. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, सोसायटीचा गणपती, शाळेतल्या आयांचा व्हॉट्सॲप गट, कार्यालयातल्या सहकाऱ्यांचा डबा. फ्लिपकार्टचा बुकमार्क इथे मेतकुटाची ५० ग्रॅमची नमुना पुडी होते. तिच्यावर फोन नंबर छापलेला हवा. लोक हे विसरतात, खरंच विसरतात.

ॲमेझॉन, मीशो यांच्यासारख्या बाजारपेठा म्हणजे कायमची परिशे. गर्दी त्यांची, ताडपत्री तुमची. मीशो २०१५ मध्ये बेंगळुरूतच सुरू झालं आणि २०२१ पासून विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचं धोरण त्याने आणलं. पण कमिशन नसलं तरी टपाल, परतावे आणि जाहिरात यांचे पैसे वेगळ्या खिशातून जातातच. शिवाय गिऱ्हाइकाचा पत्ता-फोन हा त्या बाजारपेठेचा ऐवज, तुमचा नव्हे. सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ओएनडीसी हे खुलं ऑनलाइन व्यापार-जाळं या अडचणीवर तोडगा म्हणून आलं. सर्वसामान्य ग्राहकांसाठी त्याची पहिली चाचणी ३० सप्टेंबर २०२२ रोजी बेंगळुरूच्याच १६ पिनकोडांत झाली. कल्पना उत्तम आहे. छोट्या विक्रेत्याने त्यावर नाव जरूर घालावं, पोट भरण्याची भिस्त ठेवू नये, असं माझं मत.

पाठवणी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि म्हणूनच सगळ्यात दुर्लक्षित भाग. कर्नाटकाच्या आंबा विकास महामंडळाने आणि टपाल खात्याने २०१९ पासून जे केलं ते पाहण्यासारखं आहे. शेतकऱ्याचे आंबे सरकारी संकेतस्थळावर मागवायचे आणि पोस्टमनने बेंगळुरूत घरी आणून द्यायचे. खोका ठरलेला, ३ किलोचा. अर्धा किलो पाठवा, सव्वा किलो पाठवा, असली भानगड नाही. खोका एकच ठेवला की वजन, टपालखर्च आणि किंमत तिन्ही एकदाच ठरतात. कर्नाटक परिवहनाच्या बसमधून पार्सल पाठवण्याची ‘नम्म कार्गो’ सेवा २०२१ पासून आहे. हुबळी-बेळगावकडे वजनदार माल धाडायचा तर तिचे दर विचारून घ्यावेत.

माल पोचल्यावर पैसे, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, ही सवय आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१० पासून रुजवली. मोठ्या कंपनीला ती परवडली. छोट्याला तिच्यात पाय घसरण्याचा धोका फार. गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही, किंवा ‘आता नको’ म्हटलं, की पार्सल परत येतं. विक्रेते त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) झालं म्हणतात. वरच्याच हिशेबात जायचे ७५, यायचे ७५, खोक्याचे २०: एकशे सत्तर रुपये पाण्यात, म्हणजे जवळपास चार पाकिटांची कमाई. खाण्याचा पदार्थ परत आला तर तो पुन्हा विकावा की नाही हा प्रश्न वेगळाच. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने ही सोय ठेवूच नये. गिऱ्हाईक विश्वास ठेवत नसेल तर आधी लहान पुडी पाठवावी.

कायद्याची बाजू रूक्ष आहे, पण कमी बजेटवाल्याला एक दंड पुरा वर्षभर पुरतो. खाद्यपदार्थाला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान घरगुती उत्पादकाला साधी नोंदणी चालते, तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. वजन, किंमत, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हेही हवंच. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पत्ता, परताव्याची अट आणि तक्रार कुणाकडे करायची हे तिथे लिहिलेलं असावं लागतं.

आणि मग जीएसटी. बसवनगुडीतल्या मराठी विक्रेत्याची गाठ इथे एका विचित्र गोष्टीशी पडते. मालाच्या विक्रीला कर्नाटकात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ही सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. करपात्र माल राज्याबाहेर विकला, तर काही हस्तकला वस्तूंसारखे अपवाद सोडता, पहिल्या पाकिटापासून नोंदणी आवश्यक. बसवनगुडीतलं मेतकूट म्हैसूरला गेलं तर सूट, पुण्याला गेलं तर नाही. बेळगावच्या कुंदेवाल्याला हे आणखी बोचतं: त्याचं कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण परराज्यात; बीदर कितीतरी लांब, पण आपल्याच राज्यात. सोप्या कंपोझिशन योजनेतही परराज्यात माल विकायची मुभा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नियमित नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठांवर विकता येऊ लागलं, तेही राज्यातल्या राज्यातच. आणि बेंगळुरूतल्या मराठी माणसाचं मेतकूट घेणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुण्या-मुंबईतच असणार. म्हणून धंदा कागदावर असतानाच ठरवावं: फक्त बेंगळुरूत विकायचं की नोंदणीचा आणि नियमित विवरणपत्रांचा खर्च धरून बाहेरही. माझा कल पहिलं वर्ष शहरातच काढण्याकडे आहे. टपालही कमी पडतं.

रोख घेऊन गुपचूप विकू, असा सल्ला देणारे भेटतात; त्यांच्या भीतीला कारण आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याकडे २९ लाखांची मागणी आली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. बेंगळुरूत बेकऱ्या आणि चहाच्या टपऱ्यांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद चिकटले, बंदची हाक दिली गेली. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी नोंदणी करून घेणाऱ्यांची जुनी थकबाकी वसूल होणार नाही असं जाहीर केलं. यातून शिकायचं ते वेगळंच. ज्यांच्याकडे करमुक्त आणि करपात्र विक्रीची वेगळी नोंद होती, घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यांत होते, त्यांना उत्तर देणं सोपं गेलं असणार. पुतण्याने परत केलेले उसने पैसे आणि मेतकुटाची विक्री एकाच खात्यात असली, तर दोन वर्षांनी कोणतं कोणाचं हे सांगता येत नाही. धंद्याचं खातं वेगळंच हवं. पहिल्याच दिवशी उघडावं. हिशेबाला एक वही पुरते. पसारा वाढला तर मुंबईत रुषभ मेहता यांनी सुरू केलेलं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट उतरवून घेता येतं.

शेवटी एक सूचना. सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव घालण्यासाठी १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी आहे. आधार आणि पॅन लागतो, कागदपत्रं जोडावी लागत नाहीत, आणि शुल्क शून्य आहे. शोधयंत्रात ‘उद्यम’ टाकलं की सरकारी वाटणारी, अशोकस्तंभासारखी चित्रं लावलेली आणि हजार-दोन हजार रुपये मागणारी खासगी संकेतस्थळं वरच्या बाजूला येतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर तिथे एक रुपयाही भरू नका.